कधी वाजतं?

गाडी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी आवाज कुठून येतो ते सांगतो. पुढून, डाव्या चाकातून, पायाखालून, डिकीतून. काही जण तोंडानं आवाज काढूनही दाखवतात, आणि त्यातले काही इतके पटाईत असतात की हसू आवरत नाही. मी सगळं वहीत लिहून घेतो, पण त्यातल्या ‘कुठून’ला फारशी किंमत देत नाही. गाडीचा सांगाडा एकमेकांना वेल्ड केलेल्या पत्र्यांचा असतो. एका कोपऱ्यात बसलेला ठोका त्या पत्र्यांतून पळत जातो आणि जिथं पत्रा पातळ असेल तिथं ऐकू येतो. आवाजाचा पत्ता असा खोटा निघू शकतो. वेळ सहसा खोटी निघत नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, ‘कधी वाजतं?’ आणि त्यावर बहुतेक जण गप्प होतात.

आमचं वर्कशॉप कासार आंबोलीत आहे. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागायचं, भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट, घोटवडे फाटा करत पुढं यायचं. एका बाजूला छोटे कारखाने, प्रेस शॉप, लेथवाले. दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, जितकी उरली आहेत तितकी. मुळशीचा पाऊस आला की रस्त्याची चाळण होते, आणि आमच्या धंद्याला त्याचा फायदा होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही इंजिनाला हात लावत नाही. फक्त शॉकअप, स्प्रिंग, आर्म, बुश, स्टेअरिंग. पोटापाण्याचं काम पिकअप आणि टॅक्सीवाल्यांचं. पण गेल्या काही वर्षांत ट्रॅकवर गाडी पळवणारी मंडळीही तोंडोतोंडी ऐकून इथवर यायला लागली.

पुण्याला रेसिंगची ही हौस नवी नाही. फोक्सवॅगननं २०१० मध्ये पोलो कप सुरू केला, पुढं व्हेंटो कप आला, मग अमियो कप. अमियोच्या रेसगाड्या तर पुण्यातच तयार झाल्या. आमच्याच मुळशी तालुक्यात, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर, सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. पण वळणांच्या, मोठ्या, कायमच्या ट्रॅकसाठी इथली मंडळी महाराष्ट्राबाहेरच जात आली आहेत. एक चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा, १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा. नाहीतर कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे. तो ज्यांच्या नावानं आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती नावाच्या रेसगाड्या बनवल्या होत्या, आणि तेवढ्यावर आपल्याकडची एक पिढी शर्यत शिकली. तिसरा ट्रॅक ग्रेटर नोएडाचा, २०११ मधला, सव्वापाच किलोमीटरला थोडा कमी. पुण्याहून चेन्नई बाराशे किलोमीटर. ज्याला परवडतं तो गाडी ट्रेलरवर चढवतो, बाकीचे चालवत नेतात आणि चालवत आणतात. म्हणजे एकाच शॉकअपनं खड्डेही खायचे आणि ट्रॅकच्या कडेचे रंगीत कर्बही.

तर ही गाडी. मधोमध इंजिन, दोन सीटा, जमिनीला टेकेल इतकी खाली. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या गाडीत होतं. मालक बाणेरचे, चाळिशीच्या आतले, संगणकाच्या धंद्यातले. बोलणं नम्र, पण थकलेलं. ‘काका, पुढून उजवीकडून खट्ट असा आवाज येतो. अगदी माझ्या पायाशी. दोन्ही लिंक रॉड बदलले. लोअर आर्म बदलले. आवाज आहे तिथंच आहे.’ आणि जाता जाता म्हणाले, ‘शिवाय डावा पुढचा टायर बाहेरच्या कडेनं खातोय, पण ते वेगळं आहे. कॅम्बर कमी पडतोय.’ कॅम्बर म्हणजे चाक वरून आत झुकण्याचा कोन.

ते वेगळं आहे, असं गिऱ्हाईक म्हणालं की मी त्याखाली रेघ मारतो.

आधीच्या गॅरेजनं काय केलं ते मला समजत होतं. पुढून खट्ट वाजलं की दहातल्या बऱ्याच वेळा लिंक रॉड निघतो. स्वस्त असतो, अर्ध्या तासात बदलतो. तो बदलून आवाज गेला तर सगळे खूश, नाही गेला तर पुढचा पार्ट. ‘बदलून बघू’ ही आपल्या धंद्यातली सगळ्यात महागडी पद्धत आहे, फक्त तिचं बिल गिऱ्हाईक भरतं म्हणून ती टिकली. स्कॅनर लावून इथं काही निष्पन्न होत नाही. शॉकअपच्या माउंटिंगवर सेन्सर नसतो. गाडीचा संगणक माउंटिंगमधल्या रबराबद्दल काहीही जाणत नाही.

‘कधी वाजतं?’ मी विचारलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘व्हिडिओ आहे.’

ट्रॅकवर जाणारे लोक सीटमागं कॅमेरा लावतात. आम्ही चहा घेत लॅपटॉपवर चेन्नईच्या फेऱ्या पाहिल्या. इंजिन कानामागंच असल्यामुळं त्याच्या गर्जनेत बाकी काही ऐकू येणं अवघड, पण सरळ रस्ता संपून ब्रेक लागतो तेव्हा इंजिनाचा आवाज खाली येतो. तिथं कान लावला. ब्रेक दाबताना काही नाही. ब्रेक धरून आहेत तोवर काही नाही. पाय ब्रेकवरून उचलला आणि स्टेअरिंग उजवीकडं गेलं त्या क्षणी, खट्ट. पुढच्या उजव्या वळणाला पुन्हा तिथंच. डाव्या वळणाला नाही. आणि प्रत्येक वेळी खट्टनंतर त्यांचे हात स्टेअरिंगवर थोडेसे दुरुस्तीला हललेले. त्यांना विचारलं, हे हात का हलतात? ‘गाडी वळणात शिरते, आणि मग पुन्हा एकदा शिरते,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं माझं ड्रायव्हिंग.’

ही वेळ फार बोलकी होती. एखादी गोष्ट दाबलेली असताना वाजत नाही. ओढलेली असतानाही वाजत नाही. दाब सुटून ओढ लागते, किंवा ओढ सुटून दाब येतो, त्या मधल्या क्षणी मोकळी जागा पार करून ती पलीकडं आदळते. ब्रेक सुटतो आणि वळण सुरू होतं तेव्हा पुढच्या बाहेरच्या चाकावरच्या जोराची दिशा बदलते. उजव्या वळणात बाहेरचं चाक डावं. आवाज उजव्या पायाशी ऐकू येत होता, कारण आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो आणि त्याचा पाय फायरवॉलच्या पत्र्याला भिडलेला असतो. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण कुठं बघायचं नाही ते कळलं.

मग रस्त्यावर. त्याआधी पुढची आणि मागची डिकी रिकामी केली. जॅक, टोईंग हूक, पाना, पाण्याची बाटली, अग्निशामक नळकांडं, सगळं बाहेर. सस्पेन्शनच्या म्हणून आलेल्या तक्रारींपैकी किती डिकीत सापडल्या याची यादी केली तर गिऱ्हाईकं लाजतील. खिशातल्या किल्ल्या काढल्या, एसी बंद, काचा एकदा बंद आणि एकदा उघड्या. वेग पंधरा-वीस. जोरात चालवून काही कळत नाही. वेगात वारा आणि टायर सगळं झाकून टाकतात.

इथं एक गंमत लक्षात आली. खाली बसलेल्या गाडीचे मालक स्पीडब्रेकरवरून कधीच सरळ जात नाहीत. बंपर घासू नये म्हणून गाडी तिरकी घेतात, एकेक चाक चढवतात. सवयीनंच. त्यामुळं या गाडीचा आवाज आजवर ज्यानं ज्यानं ऐकला त्यानं एक चाक वर, एक खाली अशा स्थितीतच ऐकला होता. आणि तशा स्थितीत स्टॅबिलायझर बारला, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्याला, पीळ बसतो, लिंक रॉडवर जोर येतो. लिंक रॉडवर संशय जाणं साहजिक होतं.

गावाच्या आतल्या रस्त्यावर ट्रकांनी दाबून दाबून चपटा केलेला एक स्पीडब्रेकर आहे. तो मला ठाऊक आहे, कारण तो आमच्या वर्कशॉपचं एक हत्यारच आहे. त्यावरून गाडी अगदी सरळ घेतली. दोन्ही चाकं एकदम चढली, एकदम उतरली. दोन्ही बाजू सारख्या हलल्या की स्टॅबिलायझरला काही काम नसतं, तो नुसता फिरतो. तरीही उतरताना खट्ट. लिंक रॉड यादीतून गेला. पुन्हा घेतली, या वेळी डाव्या पायानं ब्रेक हलका धरून. कॅलिपरमधले पॅड सैल असतील तर ते घट्ट धरले जातात आणि आवाज थांबतो. थांबला नाही. पॅड गेले. उभ्या गाडीत ब्रेक दाबून रिव्हर्स-पुढं असे झटके दिले. आर्मचा मागचा बुश फाटला असेल तर इथं ठणकून बोलतो. तो शांत. तसा तो नवाच होता. मग शेडसमोर उभ्या गाडीचं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. मालक स्टेअरिंगवर, मी वाकून डाव्या स्प्रिंगवर पालथा पंजा टेकवलेला. बोटं वेढ्यांच्या मधे कधीही घालायची नाहीत, हे पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो. स्प्रिंग चाकाबरोबर गुमान फिरायला हवी. ही थोडी अडायची, आणि मग टुण् करून सुटायची. उजवी लोण्यासारखी फिरत होती.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं.

या गाडीला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन हे अमेरिकन अभियंते. १९४० च्या दशकात त्यांनी ही रचना आणली आणि १९५० मधल्या इंग्लंडच्या फोर्ड गाड्यांनी ती जगभर नेली. आपल्याकडं फियाटला पुढं वर-खाली दोन विशबोन असायचे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन आला. माझ्या आधीच्या मिस्त्रींनी तो त्या गाडीवरच शिकून घेतला. मॅकफर्सनमध्ये वरचा विशबोनच नाही. शॉकअपची नळीच चाकाला उभं धरते. खाली एक बॉल जॉइंट, वर बॉडीला बोल्ट केलेलं एक माउंटिंग. मधे शॉकअप. स्वस्त, सुटसुटीत, जागा कमी खाणारं. पण त्यामुळं वरच्या माउंटिंगवर तीन कामं येऊन पडतात. गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन त्यानं पेलायचं. स्टेअरिंगबरोबर स्प्रिंगला फिरू द्यायचं, त्यासाठी त्यात बेअरिंग असतं. आणि चाक आडवं ढकललं जाईल तेव्हा शॉकअपचं डोकं जागेवर धरून ठेवायचं. हे सगळं धातूला चिकटवलेल्या मूठभर रबराच्या जिवावर. रबर का, तर रस्त्याची कुरकुर बॉडीत जाऊ नये म्हणून.

घरगुती वापरात ते रबर वर्षानुवर्षं पुरतं. ट्रॅकवर गणित बदलतं. चिकट, अर्ध-स्लिक टायर घातले की गाडी वळणात स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त आडवा जोर सहन करते. चौदाशे किलोच्या गाडीत अशा वळणात पुढच्या बाहेरच्या एका चाकावर पाचशे-सहाशे किलोंचा भार जातो, आणि तो प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणात. वरून कर्बचे धक्के. कडक शॉकअप बसवले असतील तर ते धक्के कमी करत नाहीत, ते वर माउंटिंगकडं पाठवतात. शिवाय रबर सतत मळलं गेलं की आतून तापतं, आणि तापलेलं रबर धातूवरची पकड सोडायला लागतं. म्हणून ट्रॅकच्या गाडीचा ओडोमीटर मी बघत नाही. तीस हजार किलोमीटरच्या गाडीत एक लाखाचं रबर सापडू शकतं. ज्या ट्रॅकवर घड्याळाच्या दिशेनं फिरतात तिथं उजवी वळणं जास्त, तेव्हा डावं चाक आधी म्हातारं होतं.

आणि आता त्या टायरची गोष्ट, जी ‘वेगळी’ होती.

उभ्या गाडीत काय होतं? गाडीचं वजन टायरच्या तळातून वर येतं. टायर बॉल जॉइंटच्या जरा बाहेर असतो, त्यामुळं ते वजन शॉकअपचं डोकं आतल्या बाजूला, पुढच्या डिकीच्या दिशेला ढकलतं. माउंटिंग फाटलेलं असेल तर डोकं त्या फटीत आत जाऊन टेकून बसतं. अलाइनमेंटचं मशीन हीच अवस्था मोजतं. ते म्हणतं, कॅम्बर भरपूर आहे, छान आहे. मग गाडी ट्रॅकवर वळणात शिरते. आता रस्ता टायरला खालून आतल्या बाजूला ढकलतो. तळ आत गेला की बॉल जॉइंटभोवती सगळं फिरतं आणि शॉकअपचं डोकं बाहेर जायला बघतं. चांगलं रबर त्याला अडवतं. फाटलेलं सोडून देतं. म्हणजे ज्या घडीला कॅम्बरची गरज, नेमका त्याच घडीला तो पळ काढतो. टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो, कड खाल्ली जाते, आणि गाडी वळणात दोनदा शिरते: एकदा चाक फिरल्यामुळं, दुसऱ्यांदा डोकं फटीतून पलीकडं आदळल्यामुळं. मालकांनी अलाइनमेंटवाल्याकडून कॅम्बर दोनदा वाढवून घेतला होता. तरी कड जातच राहिली. मशीन चुकत नव्हतं. हलणारा दात जिभेनं एका बाजूला दाबून धरला तर घट्टच वाटतो, तसं मशीन फाटलेलं माउंटिंग दाबलेल्या अवस्थेत बघत होतं.

एवढं बोलून झाल्यावरही ही सगळी अटकळच होती. मोजल्याशिवाय मी पार्ट मागवत नाही.

टू-पोस्ट लिफ्टवर गाडी उचलली की चाकं लोंबकळतात, स्प्रिंग मोकळी होते, माउंटिंगवरचा भार जातो आणि फाटलेलं रबरसुद्धा शहाण्यासारखं वागतं. लिफ्टवर बॉल जॉइंट आणि टाय रॉड तपासावेत. चाक बारा-सहावर आणि तीन-नऊवर हलवून पाहावं, टॉमी घालून बुश उचकून पाहावेत. ते आम्ही पाहिलं, सगळं ठीक निघालं. पण माउंटिंगसाठी गाडी खाली आणली, जॅक लोअर आर्मच्या टोकाशी, शक्य तितका चाकाजवळ लावला. असा जॅक लावला की चाक जमिनीपासून दोन बोटं सुटतं, पण स्प्रिंग दाबलेलीच राहते. गाडीचं वजन माउंटिंगवर असतं आणि चाक हातानं हलवता येतं. दुसरा कोपरा स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी वाकायचं नाही.

शेजारच्या लेथवाल्याकडून डायल गेज आणि मॅग्नेट स्टँड आणला. त्याला वाटलं आम्ही काहीतरी टर्निंगचं काम घेतलं. बघायला आला आणि थांबलाच. पुढच्या डिकीतलं प्लॅस्टिकचं आच्छादन काढलं, टॉवरच्या, म्हणजे माउंटिंग जिथं बोल्ट होतं त्या भागाच्या, पत्र्यावर मॅग्नेट बसवला, डायलची टोकदार काडी शॉकअपच्या रॉडच्या नटाला आडवी टेकवली. आमच्या पोरानं खाली बसून चाक बारा-सहावर धरलं. आधी ढकल, मग ओढ. डावीकडं काटा अडीच मिलिमीटरच्या थोडा पुढं गेला. उजवीकडं अर्ध्याच्याही आत. रबराला थोडं हलणं माफ असतं. नवं माउंटिंगसुद्धा शून्य दाखवत नाही. म्हणून एका बाजूच्या आकड्यावर माझा विश्वास नसतो, दोन्ही बाजू शेजारी ठेवल्यावर फरक बोलतो. नुसत्या डोळ्यांनी, नटाखाली फट दिसते का एवढ्यावर निकाल देणारे लोक आहेत. काही गाड्यांत ती फट मुळातच ठेवलेली असते, आणि चांगली माउंटिंगं फेकली जातात.

लेथवाल्यानं लगेच हिशेब मांडला. बॉल जॉइंटपासून वरच्या नटापर्यंत साधारण साठ सेंटिमीटर. वर अडीच मिलिमीटर म्हणजे पाव अंश. हा माणसाच्या हाताचा जोर. ट्रॅकवरच्या जोरात पाच मिलिमीटर धरले तर अर्धा अंश. ट्रॅकवाले लोक कॅम्बरच्या अर्ध्या अंशासाठी रात्री जागवतात, आणि हा अर्धा अंश त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हता. मालक डायलकडं बघत होते. त्यांनी पोराला आणखी एकदा चाक हलवायला सांगितलं. मग आणखी एकदा.

स्ट्रट उतरवताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लावतो तेव्हा मी शेडमध्ये रेडिओ बंद करायला सांगतो. शंभर मिलिमीटर दाबलेल्या एका मध्यम ताकदीच्या स्प्रिंगमध्ये पंधरा-वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडावं एवढी ऊर्जा कोंडलेली असते. दोन हूक समोरासमोर, सारख्या वेढ्यांवर, आळीपाळीनं पिळायचे. वरचा नट सुटताना तोंड कधी वर आणायचं नाही.

नटाला हात लावला तेव्हाच एक गोष्ट दिसली. रॉडच्या टोकाला एलन की बसायचा षटकोनी खळगा असतो. रॉड धरून नट फिरवण्यासाठी. डाव्या रॉडचा खळगा गोल झालेला. म्हणजे पूर्वी कोणीतरी रॉड धरायच्या भानगडीत न पडता हवेची गन लावून नट पिळला होता, आणि रॉड फिरू लागल्यावर कसातरी धरायचा प्रयत्न केला होता. गननं रॉड गरागरा फिरतो, खालच्या ऑइल सीलला त्रास होतो, आणि माउंटिंगच्या मधल्या नळीला पीळ बसतो. ते रबर पहिल्या दिवसापासूनच पिळलेल्या अवस्थेत राबत असणार. फाटायचं एकमेव कारण हेच, असं मी म्हणणार नाही. पण त्यानं मदत नक्की केली.

माउंटिंग हातात आलं. वरून बघितलं तर नवं वाटावं. मधली नळी अंगठ्यानं दाबली तशी एका बाजूनं अर्ध्या वर्तुळात रबर धातूपासून सुटलेलं दिसलं. सुटलेली जागा घासून चकचकीत झालेली, कडेला काळी भुकटी. बेअरिंगमध्ये तांबूस गाळ. टॉवरच्या खोबणीत पाणी साचून गंजलं होतं. आमच्याकडच्या पावसात हे नवल नाही. टुण् आवाज याचा होता. उजवं माउंटिंग उघडलं तर रबर शाबूत, पण केसासारख्या भेगा सुरू झालेल्या.

आता मालकांना काय बसवायचं यावर चर्चा. त्यांच्या डोक्यात पिलोबॉल होता. रबरच नाही, त्याऐवजी लोखंडी गोल बेअरिंग. डोकं जागचं हलायचं नावच नाही, शिवाय वर कॅम्बर बदलायची पट्टी. रेसगाड्यांना तेच असतं आणि तिथं ते योग्यच आहे. मी म्हणालो, ‘तुम्ही चेन्नईला ट्रेलरवर जाता का?’ ते म्हणाले, ‘नाही, चालवत.’ ‘आणि रोज?’ ‘रोज नाही, पण शनिवार-रविवार ताम्हिणी घाट.’ मग तर झालंच. पिलोबॉल धूळ, चिखल, पाणी यांचा वैरी. आपल्या रस्त्यावर एका पावसाळ्यात त्यात टिकटिक सुरू होते, आणि ती टिकटिक थेट बॉडीत जाते, मधे रबर नसल्यामुळं. म्हणजे ज्या आवाजासाठी इतका खटाटोप, तोच पैसे मोजून परत आणायचा. ज्या गाडीला वर्षातले मोजके दिवस ट्रॅक आणि बाकी रस्ता आहे तिला कंपनीचं रबर, आणि ते वेळेत बदलण्याची शिस्त, हेच माझं मत. हे ऐकून ते थोडे हिरमुसले. महागडा, चमकणारा पार्ट बसवून घेण्यात एक वेगळा आनंद असतो, तो मी हिरावून घेतला. पण पटलं त्यांना.

दोन्ही बाजूंची माउंटिंगं, दोन्ही बेअरिंगं, बंप स्टॉप, आणि नवे नट; वरचा नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नसतो. रॉड एलन कीनं धरून टॉर्क पान्यानं आवळला. डावीकडच्या गोल झालेल्या खळग्यानं आम्हाला जो त्रास दिला त्याचं वर्णन नको. खालचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावरच पक्के केले, नाहीतर बुश उभ्या गाडीतच पिळलेले राहतात. टॉवरच्या खोबणीतली पाण्याची वाट तारेनं मोकळी केली. मग पुन्हा डायल. डावीकडं, उजवीकडं, दोन्हीकडं अर्ध्या मिलिमीटरच्या आत. त्यानंतर अलाइनमेंट, आणि तिथं मी मालकांना सांगितलं की पूर्वी हट्टानं वाढवून घेतलेला कॅम्बर आता थोडा कमी करून घ्या. आता मशीन जो आकडा दाखवेल तोच वळणातही राहणार आहे.

चपट्या स्पीडब्रेकरवरून सरळ घेतली. काही नाही. पुन्हा घेतली. मालकांनी काच उघडून डोकं बाहेर काढलं.

निघताना त्यांना एका पानावर लिहून दिलं: ट्रॅकवर प्रत्येक वेळी गाडी किती तास पळाली ते लिहा, किलोमीटर नाही. परत आल्यावर नटाची डायल बघायला गाडी आणा, दोन्ही बाजूंत फरक वाढायला लागला की आवाज यायची वाट बघायची नाही. आणि स्पीडब्रेकर कधीतरी सरळ घ्या, बंपर वाचत असेल तर. पुढं कोइमतूरहून त्यांनी टायरचा फोटो पाठवला. सगळ्या रुंदीवर सारखा घासलेला. खाली लिहिलं होतं, ‘गाडी एकदाच शिरते.’

ती गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पौडकडून एक भाजीचा पिकअप आला. चालक उतरायच्या आधीच बोलायला लागला.

‘मिस्त्री, मागून खडखडतंय.’

‘कधी?’

‘मार्केटला जाताना नाही, येताना.’ म्हणजे भरलेली असताना नाही, रिकामी असताना. वजन असलं की पाट्याच्या कमानीचे शॅकल बुश दाबून बसतात, रिकामी झाली की नाचतात. मी पोराला टॉमी आणायला सांगितलं. पाच मिनिटांत डाव्या शॅकलचा बुश हातात होता, किंवा त्याचं जे काय उरलं होतं ते. चालक त्याकडं बघून म्हणाला, ‘उजवाही बदलून टाका, दोन-दोनदा कोण येणार?’